पट्टेरी कोळंबीची पडवी

रत्नागिरीत मी कोळंबी पाळते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने बघायचा. त्यात त्याची काही चूक नाही. आमच्याकडे कोळंबीचा आणि माणसाचा संबंध ताटात सुरू होतो आणि ताटातच संपतो. ती काचेच्या टाकीत ठेवायची, तिला खाऊ घालायचं, तिची पोरं वाढवायची आणि मोठी झाली की मुंबईला अशा घरी पाठवायची जिथे तिला कोणी सोलणार नाही, हा माझा धंदा आहे असं मी म्हटलं, तेव्हा दारावर येणारी मासेवाली टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "वैनी, डोक्यावर परिणाम झाला तर आधी घरच्यांना सांगावं. मला कशाला सांगताव?"

पण धंदा होता, आणि ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं तो मी आमच्या मागच्या पडवीत केला. ऐटीत केला, असंही म्हणेन. आज त्या पडवीत कपडे धुण्याचं मशीन आहे आणि दोन सायकली आहेत. सुनेला मी एकदा म्हटलं, इथे समुद्र होता. ती हो म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिला वाटलं असेल, आईंना काहीतरी जुनं आठवलं. जुनंच आठवलं होतं, पण होतं खरं.

यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. काच कापण्याचा हात चांगला, म्हणून लोक माशांच्या टाक्या करून मागायला लागले. दोनचार टाक्या गिऱ्हाइकांनी नेल्याच नाहीत, त्या पडवीत येऊन पडल्या. माझं माहेर समुद्राकाठचं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत, म्हणजे खडपात, जाऊन कालवं काढण्यात माझं लहानपण गेलं. त्या खडपातल्या डबक्यांत एक कोळंबी असते. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, काचेसारखी आरपार, अंगावर तांबड्या बारीक रेघा. खाण्याजोगी नाही म्हणून तिला नावही नाही. आमच्याकडे नाव ठेवण्याआधी चव बघतात. मी तिला पट्टेरी म्हणायची. तशा काही मी हौसेने रिकाम्या टाकीत आणून सोडल्या. यांच्याबरोबर टाक्या बघायला पडवीत आलेल्या मुंबईच्या एका मत्स्यालय-दुकानदाराने त्या पाहिल्या आणि तो तिथेच बसला. म्हणाला, "खडपातनं पकडलेली मुंबईपर्यंत जगत नाही. घरात जन्मलेली द्या. आहेत तेवढ्या घेतो."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

समुद्राचं पाणी फुकट असतं, पण कुठलंही चालत नाही. खाडीच्या तोंडाजवळचं नको, तिथे गोडं मिसळलेलं असतं. बंदराजवळचं नको, त्यावर डिझेलचा तवंग असतो. आम्ही मिऱ्याच्या बाजूला खडपाच्या टोकाशी जायचो आणि भरती पुरी चढली की प्लास्टिकचे कॅन बुडवून भरायचो. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी जांभ्याच्या मातीने लाल होतं आणि निम्मंअधिक गोडं होतं, म्हणून आंब्याचा सीझन संपायच्या आत सगळ्या पावसाळ्याचं पाणी साठवावं लागे. लोक बेगमीला सुकट, पापड, मसाले भरतात. आमच्या घरात त्याखेरीज समुद्रही भरलेला असायचा.

पाण्याचा खारटपणा मोजायला काही साधन मिळेना, तेव्हा दुधातलं पाणी पकडायचं काचेचं लॅक्टोमीटर मी त्यासाठी आणलं. चांगलं समुद्राचं पाणी त्यावर चोविसाच्या आसपास दाखवतं, हे मी माझं मी शोधून काढलं आणि अजूनही ते सांगताना मला बरं वाटतं. डेअरीचं सामान विकणाऱ्याने विचारलं होतं, "म्हशी किती आहेत?" मी म्हटलं, "म्हशी नाहीत, समुद्र आहे." त्याने मुकाट्याने लॅक्टोमीटर कागदात गुंडाळून दिलं.

टाकीतलं पाणी उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे म्हणून आताच सांगते. चार दिवस लक्ष दिलं नाही तर टाकी समुद्रापेक्षा खारट होते. म्हणून रोज जेवढं उडालं असेल तेवढं गोडं पाणी वरून घालायचं. मी प्रत्येक टाकीवर बाहेरून ऑइलपेंटने एक लाल रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेवर पाहिजे.

आता पिल्लं. आईच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस असतो. अंधार पडल्यावर तो सुटतो आणि सगळ्या टाकीभर पिल्लं होतात. ती आईसारखी दिसत नाहीत. स्वल्पविरामाएवढी, उलटी लटकलेली, नुसते डोळे. महिनाभर ती तरंगतात. तरंगता तरंगता कात टाकतात, दर वेळी थोडी बदलतात, आणि शेवटी एक दिवस काचेला किंवा तळाला टेकतात. त्याला आम्ही पाय टेकले म्हणायचो. पाय टेकले की ती कोळंबी झाली, मग ती सहसा मरत नाही. त्याआधी मात्र ती शेकड्यांनी मरतात, आणि ती का मेली हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. त्यांना खायला लागतात ते त्यांच्याहून बारीक, जिवंत किडे. त्या किड्यांची सुकी अंडी डब्यात मिळतात हे आमच्या शेजारच्या सुर्व्यांकडून कळलं. ते बोटीवर नोकरीला होते. एका फेरीत त्यांनी सिंगापूरहून माझ्यासाठी तो डबा आणला. त्यांच्या बायकोने अत्तर मागवलं होतं. तेही आणलं होतं म्हणून बरं, नाहीतर शेजार तुटला असता.

गिऱ्हाइकं मुंबईची, पण गावातही दोनचार होती. एक डॉक्टर होते. दवाखान्यात बसलेल्या पेशंटांना बघायला म्हणून त्यांनी टाकी मांडली आणि माझ्याकडून दोन पट्टेरी नेल्या. एके दिवशी ते काडेपेटी घेऊन आले आणि ती उघडून माझ्यासमोर धरली. आत कोळंबी, मिशांसकट, पायांसकट. "मेली," ते म्हणाले. "माझ्या दवाखान्यात मेली, सुमतीबाई. पेशंटांनी बघितलं." मी ती उचलून उजेडात धरली आणि म्हटलं, "डॉक्टर, हा तिचा सदरा आहे. कात टाकलीय तिने. अंग मऊ असतं तोवर ती दगडामागे लपणार." त्यांचा विश्वास बसेना. दोन दिवसांनी त्यांचा कंपाउंडर निरोप घेऊन आला की पेशंट बाहेर आली आहे.

दुसरे एक लॉजवाले होते. त्यांना नरमादीची जोडीच पाहिजे होती. मी सांगून थकले की हिच्यात कुठल्याही दोन ठेवा, काही महिन्यांत दोघींच्याही पोटाखाली अंडी दिसतात, मी डोळ्यांनी बघते. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही बायकाच? मग पोरं कुठनं?" एकच कोळंबी नरही असते आणि मादीही, हे मला फार पुढे कळलं. मी त्यांना दोन उचलून दिल्या आणि त्यांतली मोठी ती नवरा असं सांगितलं. ते खूश होऊन गेले.

पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं टेकली. दुसऱ्या वर्षी वाटीभर म्हणावी इतकी. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि हवा भरून, आंब्याच्या पेटीत ओल्या पेंढ्यात बसवून ती एसटीने मुंबईला गेली आणि जिवंत पोचली. आता हात बसला, असं मला वाटलं. त्याच सुमाराला मामंजी आमच्याकडे राहायला आले.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांनी पोफळीच्या वीजघरात नोकरी केली आणि अलोऱ्याच्या कॉलनीत संसार केला. सासूबाई तिथेच गेल्या. निवृत्त झाल्यावर हे त्यांना घेऊन आले, तर माणूस बोलेचना. सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पुढच्या ओटीवर खुर्चीत बसायचे ते जेवायला उठायचे. जेवण कसं झालंय विचारलं तर "बरं", आणखी वाढू का विचारलं तर "नको". ज्या माणसाने मीटरच्या काट्यांकडे बघत जन्म काढला त्याला आमच्या घरात बघण्यासारखं काही नव्हतं. मला त्यांची काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची.

एके दिवशी ते पडवीत आले. हात मागे बांधून सगळ्या टाक्या बघून झाल्यावर म्हणाले, "ही रेघ कसली गो?"

मी सांगितलं.

"म्हणजे लेव्हल."

"हो."

"बोटभर खाली हाय. कोणाची ड्यूटी?"

मी म्हटलं, "माझीच, पण आज राहिलं."

"राहून कसं चालेल?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून लेव्हल ही त्यांची ड्यूटी झाली. सकाळ-संध्याकाळ शर्ट घालून पडवीत यायचे. त्यांच्या हाताखाली पाणी कधी रेघेच्या वर गेलं नाही की खाली आलं नाही. आठ-पंधरा दिवसांत ते जेवताना बोलायला लागले. डोंगराच्या पोटातलं वीजघर, तिथला आवाज, बोगद्यातून येणारं पाणी, असं सगळं. लाइट गेले की टाक्यांना हवा देणारा पंप बंद पडायचा, तेव्हा हवा भरून ठेवलेली ट्रकची ट्यूब त्या नळ्यांना जोडायचं कामही त्यांनी घेतलं. जोडताना हमखास सांगायचे, "पोफळीला काय झालेला नाय. फॉल्ट इथलाच हाय." हे वडिलांना भाऊ म्हणायचे; मला एकदा हळूच म्हणाले, "आई गेल्यापासून भाऊंना असं बघितलं नव्हतं." यांचे डोळे भरून आले होते.

आणि माझी पिल्लं मरायला लागली.

आठवडाभर छान नाचायची आणि मग एकदम तळाला जायची. एक वेत गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. मी खाणं बदललं, कॅन बदलले, टाक्या उन्हात वाळवल्या, समुद्राचं पाणी फडक्यातून दोनदा गाळलं. मोठ्या टाकीतल्या आया मात्र बऱ्या होत्या. तिथे पाणी खूप आणि तळाला शिंपल्यांचा जाड थर. मुंबईचा दुकानदार तीनदा विचारून गेला आणि चौथ्या वेळी म्हणाला की दिवाळीपर्यंत माल आला नाही तर तो दुसरीकडून धरेल. मला झोप लागत नव्हती. आपला हात बसला होता तो उठला, असंच मी धरून चालले होते.

चौथ्या वेताची थोडी पिल्लं मी शेजारणींना दाखवायला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरणीत ठेवली होती. तिच्यात पाणी घालायचं ते मी मला सुचेल तेव्हा माठातलं घालत होते. पडवीतली मेली तरी बरणीतली जिवंत होती. मी त्याकडे बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. तेवढ्यात मामंजी मोरीशी बसून त्यांची तांब्याची कळशी घासताना दिसले.

ती कळशी त्यांनी अलोऱ्याहून आणली होती. रात्री तिच्यात पाणी भरायचं आणि सकाळी तेच प्यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आमच्याकडे तांबं आमसुलाने घासतात, त्याने ते लखलखतं. ते घासत होते आणि मोरीतून हिरवट पाणी वाहत होतं. कळशीच्या गळ्यात आत एक हिरवी निळसर कड होती, ती निघत नव्हती. तो रंग माझ्या ओळखीचा होता. माहेरी सुपारीच्या बागेत पावसाळ्यात मोरचुदाची फवारणी करायचे, त्याचा तो रंग. फवारणी झाली की पाटातले झिंगे दुसऱ्या दिवशी उलटे तरंगायचे. बेडूक जगायचे, गाई ते पाणी प्यायच्या, मरायचे ते फक्त झिंगे आणि खेकडे. मोरचूद म्हणजे तांबंच.

मी विचारलं, "मामंजी, टाक्यांत पाणी कुठलं घालता?"

"कळशीतला," ते म्हणाले. "आपण जे पितो तेच त्यांना. विहिरीतला कच्चा पाणी त्या बारक्या जिवांना कसा घालायचा?"

आमच्याकडची विहीर जांभ्यातली. पाणी गोड लागतं, पण भांडं खातं, हे कुठलीही बाई सांगेल. त्यात आमसुलाने घासलेलं तांबं. पाणी उडत होतं आणि तांबं टाकीत साठत होतं, रोज, अगदी रेघेपर्यंत. त्यांनी एक दिवस जरी आळस केला असता तरी थोडी जगली असती.

 मनात ठरवलं, माठातलं पाणी थंड असतं, कोळंबीला बरं, असं काहीतरी सांगून कळशी बाजूला काढायची. माणूस आता कुठे जिवंत झाला होता. पण त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तेच म्हणाले, "सुमती, हा फॉल्ट असा गावायचा नाय. फॉल्ट दिसत नसला की एकेक लाइन तोडून बघायची. बरण्या घे. एकीत खाणं बदल, एकीत समुद्राचा पाणी बदल, एकीत वरनं घालायचा गोडा पाणी बदल."

मी म्हटलं, "गोड्या पाण्याचं कशाला?"

"का? ती पण लाइनच हाय. माझी म्हणून सोडायची काय?"

"नको, मामंजी. बरण्या नकोत."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मीटरकडे बघताना ते असेच बघत असतील. "तुला गावलाय," ते म्हणाले. "माझ्या लाइनीवर हाय."

मी म्हटलं, "कळशीत आहे. तुमच्यात नाही."

"कळशी आपणहून चालत टाकीवर गेली काय?"

हे काहीतरी बोलायला गेले, त्यांना मामंजींनी हाताने थांबवलं. बरण्या मांडायलाच लावल्या. मी सांगून उपयोग नव्हता. समजून घेणं वेगळं आणि तपासून बघणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः उभे राहून त्यांनी एका बरणीत कळशीतलं पाणी घातलं, एकीत माठातलं. त्यांच्या बरणीतली पिल्लं तळाला गेली तेव्हा ते ती कितीतरी वेळ बघत उभे होते. मग कळशी पुसून कोरडी केली, माळ्यावर पालथी ठेवली आणि पुढच्या ओटीवर खुर्चीत जाऊन बसले.

परत "बरं" आणि "नको" सुरू झालं. इस्त्रीचा शर्टसुद्धा बंद झाला. हे म्हणाले, जाऊ दे थोडे दिवस. माझा स्वभाव थोडे दिवस जाऊ देण्याचा नाही. मला दुःख झालं होतंच, पण त्याहून जास्त राग आला होता. पिल्लं मेल्याचा नाही. इतकं चोख काम करणारा माणूस एका कळशीपायी खुर्चीत जाऊन बसतो, याचा.

पुढचं वेत मी नव्या टाकीत, माठातल्या पाण्यावर वाढवलं. आठवडा गेला, दोन गेले, पिल्लं नाचत होती. ज्या सकाळी पहिली काही काचेला टेकलेली दिसली, तेव्हा मी दुकानात जाऊन यांना आधी सांगितलं आणि विचारलं, "पोफळीला शिफ्ट सोडताना काय करायचे?" हे म्हणाले, "पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा. सगळ्याची स्थिती सांगायची, त्याने घेतला म्हटल्यावरच खुर्ची सोडायची. भाऊ एकदा अंगात ताप असताना बसून राहिले होते, पुढचा माणूस आला नव्हता म्हणून."

मी घरी आले ती सरळ ओटीवर गेले. म्हटलं, "मामंजी, तुम्ही ड्यूटी सोडली ती मला चार्ज न देता. असं चालायचं का वीजघरात?"

त्यांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं.

"मी इतके दिवस चार्ज न घेता काम करतेय. उद्या काही झालं तर कोणाच्या नावावर?"

"माझ्याच," ते म्हणाले. "माझ्याच नावावर हाय सगळा."

"मग या आणि द्या."

 ते उठले. आत गेले आणि शर्ट घालून आले. पडवीत माझ्यापुढे चालले. पंपाला हात लावून बघितला. लॅक्टोमीटर सोडून बघितलं. नव्या टाकीशी आले आणि वाकले. काचेवर पट्टेरी टेकल्या होत्या, तांदळाएवढ्या, पण अंगावर रेघा स्पष्ट. मामंजींचा श्वास काचेवर उमटत होता आणि तो ते शर्टाच्या बाहीने पुसत होते. पुसून पुन्हा बघत होते. 

शेवटी ते सरळ झाले आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले, "हवा चालू. खारटपणा ठीक. माल..." इथे ते थांबले. "माल चांगला. लेव्हल..."

लेव्हल रेघेच्या बोटभर खाली होती.

"ही अशी कोणी ठेवली?"

"मी."

"लेव्हल उतरलेली असताना चार्ज देता येत नाय," ते म्हणाले. "घेता पण येत नाय." आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "जा. माठातला घेऊन ये."